अर्ध्या मिशीची पैज

तांबट आळीत पैज लागायला कारण लागत नसे. कावळा आधी कौलावर बसतो की हौदाच्या कठड्यावर, एवढ्यावर माणसं महिन्याची सुपारी हरायची. भैरू तांबटाची म्हैस रेडा देणार की पारडी, यावरून एकदा दोन घरांत मारामारी झाली, एकाचा दात गेला, एकाचं नाक वाकडं झालं, आणि म्हैस निघाली भाकड.

त्या सकाळी हौदावर पाण्याला गर्दी होती. भैरूनं घागर भरता भरता, कुणी विचारलं नसताना, जाहीर करून टाकलं, "मैनेला बालपरवेशी मिळणार. दसऱ्याच्या आत मिळणार."

लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या कच्च्याबच्च्यांना सरकारातून पोटाला जे मिळायचं, ती बालपरवेशी. आणि मैना म्हणजे सर्जेराव बारगिराची बायको. सर्जेराव हैबतरावांच्या पथकात होता, त्यांच्याच घोडीवर बसून कर्नाटकच्या मोहिमेवर गेला, आणि पथक परतून दीड वर्ष झालं तरी तो परतला नव्हता. मैना भैरूच्या कारखान्यात चिंचेच्या पाण्यानं भांडी उजळायची, त्यावर स्वतःचं आणि सात वर्षांच्या शकूचं पोट भरायची, आणि दर सोमवारी शनिवारवाड्यातल्या फडावर जाऊन कारकुनासमोर हात जोडून उभी राहायची.

कठड्यावर पाय सोडून बसलेल्या दत्तोबानं मिशीला पीळ दिला. मिशी बघण्यासारखीच होती. दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवा आणि खुशाल जेवून या, लिंबं तिथंच. दत्तोबाही त्याच मोहिमेहून परतलेला. डावा हात मनगटापासून गेलेला, वय चाळिशीच्या पुढं, आणि खोड्या बारा वर्षांच्या पोराच्या. पुजाऱ्याच्या खडावा जमिनीला खिळ्यानं ठोकणारा तोच.

"न्हाय मिळायची," दत्तोबा म्हणाला.

"मिळंल!"

"अरं, तू पातेली ठोक. फडावरच्या गोष्टी तुला काय कळत्यात?"

"मग लाव पैज!" भैरूनं घागर आदळली. "न्हाय मिळाली तर माझं ते लग्नाच्या भाताचं पातेलं डोक्यावर पालथं घालून हितं हुभा ऱ्हाईन. आख्ख्या आळीनं एकेक ठोका मारावा."

बायका खिदळल्या. ते पातेलं म्हणजे आत दोन शेरडं बसतील एवढं.

"आणि मिळाली तर," दत्तोबा म्हणाला, "अर्धी मिशी हितंच भादरून घेईन, आणि उरलेली अर्धी मिरवीत कसब्याच्या गणपतीपर्यंत चालत जाईन. आन भाक."

भैरूनं त्याच्या उरलेल्या हातावर टाळी दिली. पैज लागली.

"दत्तोबा," मुक्ताबाई म्हणाली. तिच्या जिभेला आळीतली कुत्रीसुद्धा वाट सोडायची. "तू आंघोळ करतोस ती बंडी घालून. तशीच एक बंडी मिशीलापण शिवून घे."

"सरकारी जखमा हाईत, मुक्ताबाई. उघड्या टाकल्या की दृष्ट लागती."

सगळे हसले. दत्तोबाही हसला. फक्त त्याची पाठ बंडीच्या आत खाजायला लागली.

आता एक सांगून ठेवतो. दत्तोबा हरायची पैज लावतच नसे. निकाल आधी मुठीत धरायचा आणि मग पैज लावायची, हा त्याचा शिरस्ता. हीसुद्धा त्याच्या मुठीतच होती. मैनेला बालपरवेशी मिळणार नव्हती, कारण तिच्या आड जो कागद येत होता त्याच्याखाली निशाणी होती दत्तोबाची.

झालं होतं असं.

कर्नाटकात एका गढीला वेढा पडून चाळीस दिवस झाले होते. भर दुपारी, जेवणाच्या वेळी, गढीचा दिंडी दरवाजा उघडला आणि आतली फौज बाहेर येऊन मोर्च्यांवर कोसळली. हैबतरावांच्या पथकातले निम्मे लोक भाकरी थापत होते. पहिला जो मेला तो पिठाच्या हातानं मेला. दुसरा चुलीवरचा तवा ढाल म्हणून पुढं करून उभा राहिला, तवा फुटला नाही, पण तव्यामागचं मनगट फुटलं, आणि मग डोकंही. दारूचे बाण फुत्कारत आले आणि दोराला बांधलेल्या घोड्यांत घुसले. दत्तोबाच्या घोड्याच्या पोटात एक शिरला. आतडी बाहेर आली, पायांत गुंतली, आणि ते जनावर स्वतःच्याच आतड्यांवर नाचत नाचत तंबूसकट आडवं झालं.

दत्तोबा पळाला. हे सरळ सांगितलेलं बरं. तलवार टाकली, पागोटं टाकलं, हातातला भाकरीचा तुकडा मात्र टाकायचं राहून गेलं, आणि तो ओढ्याकडं धूम पळत सुटला. मागून एक स्वार आला. त्यानं चालत्या घोड्यावरून वाकून असा वार केला की डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत दत्तोबाची पाठ गोणी उसवावी तशी उसवली. दत्तोबा पडला, उताणा झाला, आणि दुसरा वार दिसला तसा डावा हात आडवा घातला. हात उडाला. चिखलात पडला तेव्हाही बोटांनी भाकरी धरलेलीच होती.

तिसरा वार झाला नाही. सर्जेराव आला होता.

सर्जेराव हैबतरावांच्या हरणी नावाच्या घोडीवर होता. त्यानं भाल्याचं टोक त्या स्वाराच्या गळ्यात घातलं ते मानेतून मागं निघालं, आणि भाला तिथंच अडकला. तेवढ्यात आणखी चौघं पायउतार होऊन धावत आले. एकानं जवळून बंदूक झाडली. गोळी हरणीच्या डोळ्याखाली लागली आणि ती आडवी पडली ती सर्जेरावाच्या मांडीवर. पाय घोडीखाली, वरचं अंग मोकळं, हातात तलवार. तसा पडल्यापडल्या तो लढला. पहिल्या गड्याची पोटरी हाडापर्यंत कापली. दुसरा वाकला तर त्याचा जबडा उघडला. उरलेले दोघं फिरून डोक्याकडून यायला लागले, आणि दत्तोबा तर तिथंच, हात पोचेल इतक्या अंतरावर पडलेला.

"दत्त्या!" सर्जेराव ओरडला. "मेल्या, निदान एकाचा पाय तरी धर!"

दत्तोबाला एक हात होता. एका पायाला तेवढा पुरला असता. त्यानं तोंड चिखलात घातलं आणि मेल्यासारखा पडून राहिला.

अकरा घाव झाले. त्याला ते ऐकू आले. शेवटचे तीन ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसे वाजले, म्हणून त्याला कळलं की आता ते मान तोडतायत.

हैबतराव त्या दिवशी मागच्या टेकडीवर 'फौजेची व्यवस्था बघत' होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले. घोडा लढाईत पडला तर सरकार त्याची किंमत धन्याला द्यायचं, पण उगाच कुणी 'माझा घोडा मेला' म्हणू नये म्हणून नियम असा की पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं दिलेला सरकारी डाग, कातड्यासकट कापून, फडावर आणून दाखवायचा. हैबतरावांच्या माणसानं हरणीचा डाग कापून काढला. खाली सर्जेरावाचं धड होतं. ते काढायला घोडी उचलावी लागली असती, आणि डाग तर वरच्याच बाजूला होता. कातडं मिठात घालून पुण्याला आलं. माणसाला डाग नसतो. माणूस तिथंच राहिला.

हैबतरावांच्या डोक्यात पुढचा डाव आला. सर्जेरावाचा दहा महिन्यांचा पगार थकला होता. तो कामी आला म्हटलं तर पगार बायकोला द्यावा लागणार. फरारी म्हटलं तर तो आपल्यालाच. पण घोडी लढाईत पडली म्हणायचं तर वर कुणीतरी बसलेला हवा. छावणीत दत्तोबा तापानं फणफणत पडला होता. हैबतराव त्याच्या उशाशी बसले, आपल्या हातानं पाणी पाजलं आणि म्हणाले, "सर्ज्या आदल्या दिवशीच पळाला. हरणीवर तू बसला होतास. समोरासमोर लढताना हात गेला. जखमेची नेमणूक जन्मभर मिळेल. नाहीतर पाठ दाखव आणि भीक माग."

दत्तोबानं कागदाखाली सहीच्या जागी कट्यारीची निशाणी उठवली. तेव्हापासून तो बंडी घालून आंघोळ करत होता.

पैज लागून आठवडाही झाला नव्हता. फडावर दिगंबरपंत नावाचे कारकून मैनेचं प्रकरण बघत होते. त्यांनी तिला सांगितलं होतं, "बाई, आपण बहात्तर वेळा आलात. पायऱ्या झिजल्या, कागद झिजला नाही. येत्या सोमवारी नवरा पडताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा. नसेल तर फरारी हा शेरा कायम होईल, आणि फरारी माणसाचं घर जप्त होऊन पथकाच्या धन्याकडं जातं, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो."

हैबतरावांना सोमवारपर्यंत धीर निघाला नाही. गुरुवारीच त्यांचे दोन गडी आळीत आले. एक जाड्या, रेड्यासारखा, आणि एक तिरळा. मैनेच्या खोलीत घुसून त्यांनी तवा, तांब्या, उतरंड, सगळं रस्त्यावर भिरकावलं. शकू आडवी आली तेव्हा तिरळ्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. मैना धावली आणि तिनं त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. नुसते रुतवले नाहीत. दात हाडाला लागेपर्यंत तिनं सोडलंच नाही. तिरळा बोंबलायला लागला. जाड्यानं तिच्या पोटात लाथ घातली, ती उंबऱ्यावर आपटली, कपाळ फुटलं, पण तोंडात अंगठ्याचं नख घेऊनच पडली.

दत्तोबा समोरच्या ओट्यावर होता. गडी खोलीत शिरल्याबरोबर त्यानं आपली खोडी करून ठेवली होती: मैनेच्या पायऱ्यांवर तेलाचं बुधलं रिकामं केलं होतं. जाड्या बाहेर आला तो वरच्या पायरीवरून थेट खालच्या दगडावर, तोंडावर. पुढचे दोन दात दगडातच राहिले. दत्तोबा मांडीवर थाप मारून हसला. आळी हातोडे घेऊन बाहेर आली तसे दोघं एकमेकांना सावरत निघाले. "थोमवारी," जाड्या रक्त थुंकत म्हणाला, "जप्तीचा कागद घेऊनथ येतो!"

दत्तोबा अजून हसतच होता. मैना उंबऱ्यावर बसून पदरानं रक्त पुसत होती. तिनं मान वर केली.

"भाऊजी, तुम्ही तिथं होता. दीड वर्ष मी तुम्हाला इचारती, तुम्ही दीड वर्ष मस्करी करता. आज मस्करी नको. ते पळाले असतील तर मी सोमवारी फडावर जाणार न्हाय. घर न्या म्हणंन. मला एकच सांगा. पळणाऱ्याला वार पाठीत बसतो. त्यांच्या पाठीत वार होता का?"

दत्तोबाच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. 'मला काय माहीत, मी पुढं लढत होतो,' असं ते उत्तर, दीड वर्ष घासून गुळगुळीत झालेलं. पण त्याची पाठ अशी जळायला लागली की कुणी निखारा ओढतंय.

"न्हाय," तो म्हणाला.

"तुम्ही पाहिलं?"

आता शब्द गिळता आला असता तर त्यानं दगडासकट गिळला असता.

"पाहिलं," तो म्हणाला. "सोमवारी येतो."

भैरू मागं उभा होता. "म्हंजी," तो हळूच म्हणाला, "मिशी गेली की रं तुझी?"

"गप बस."

भैरूच्या तोंडात तीळ भिजत नसे. दत्तोबा साक्षीला येणार ही बातमी शुक्रवारी हौदावर होती, शनिवारी बाजारात, आणि रविवारी हैबतरावांच्या ओसरीवर.

सोमवारी सकाळी दत्तोबा भैरूच्या कारखान्यात मैनेची वाट बघत बसला होता. आजूबाजूच्या कारखान्यांत ठोक्यांचा असा कल्लोळ की कुणी कुणाचा गळा चिरला तरी शेजारच्याला कळू नये. हैबतरावांनी वेळ म्हणूनच ती निवडली असावी. जाड्या आणि तिरळा आत आले ते न बोलता. तिरळ्यानं दाराला आतून अडसर घातला. जाड्यानं दत्तोबाच्या कानशिलात लोखंडी सळई हाणली, तो भट्टीजवळ पडला, आणि जाड्या त्याच्या छातीवर बसला.

"जीभ काढ," तो म्हणाला. दोन दात नसल्यानं ते विनोदी वाटलं असतं, पण त्याच्या हातात सांडशी होती. "जीभ नथली तर थाक्ष कथी देशील?"

दत्तोबानं जीभ काढली आणि त्याला वेडावून दाखवलं. सवय जात नाही माणसाची. मग त्यानं उजवा हात सोडवून जाड्याच्या फुटक्या हिरडीवर मूठ मारली. जाड्या गुरासारखा ओरडला, आणि त्यानं दत्तोबाचं डोकं केसांनी धरून भट्टीकडं रेटलं. निखारे वीतभर राहिले. भुवई चुरचुरली. मिशीचं डावं टोक पेटलं, आणि केस जळल्याचा वास सुटला.

भैरू कोपऱ्यात तिरळ्याशी झुंजत होता. तिरळ्यानं कट्यार भैरूच्या दंडात घातली आणि फिरवली. भैरूनं दुसऱ्या हातानं हाताला लागलं ते उचललं. ते नेमकं लग्नाच्या भाताचं पातेलं होतं. त्यानं ते तिरळ्याच्या डोक्यावर पालथं घातलं आणि वरून मोठा हातोडा हाणला. एकदा, दोनदा, पाचदा. आतून आधी ओरडणं आलं, मग कण्हणं, मग काहीच आलं नाही. पातेल्याला पोचे आले, त्याच्या काठाखालून रक्त वाहायला लागलं, तरी भैरू मोजून आळीतल्या एकेका घराच्या नावानं ठोकतच होता.

तेवढ्यात मागच्या दारानं मैना आली. तिनं बघितलं आणि हाक मारत बसली नाही. कोपऱ्यात भांडी उजळायची नांद होती, चिंच आणि तेजाब घालून आठ दिवस आंबवलेली, जिनं तिच्या स्वतःच्या बोटांची नखं खाल्ली होती. तिनं बादली बुडवली आणि जाड्याच्या डोळ्यांवर फेकली. जाड्यानं दत्तोबाला सोडलं, डोळे धरले, उठला, धडपडला आणि भट्टीच्या कडेवर हात टेकला. चरचर झाली. मग त्याला दारही दिसेना. त्यानं भिंतीवर डोकं आपटलं आणि तिथंच गुडघ्यावर बसून आईला हाका मारायला लागला.

"चला," मैना म्हणाली. "उशीर झाला."

दत्तोबाच्या कानातून रक्त येत होतं, अर्धं तोंड काजळीनं काळं, मिशीचं एक टोक जळून आखूड. तसाच तो तिच्यामागून वाड्याच्या दरवाज्यातून आत गेला.

फडावर दिगंबरपंत कागदांत डोकं घालून बसले होते, आणि शेजारी बैठकीवर हैबतराव. दत्तोबाला बघून हैबतरावांच्या हातातला विडा तसाच राहिला.

"या," दिगंबरपंत म्हणाले. "साक्षीला आलात की लढाईवरून परत आलात?"

"दोन्ही," दत्तोबा म्हणाला. "पंत, माझी जबानी खोटी हाय. हरणीवर मी नव्हतो. सर्जेराव व्हता. तो माझ्यासाठी फिरून आला आणि घोडीखाली मेला."

"अहो, नशेत आहे हा!" हैबतराव उठले. "शेजारीण आहे, कीव आली असेल. दुसरं काही आलं असेल. जबानी एकदा झाली ती झाली."

मैनेनं पायातली वहाण काढून हातात घेतली.

"बाई, वहाण जरा थांबवा. हैबतराव, आपणही बसा." दिगंबरपंतांनी कपाटातून एक पिशवी काढवली. तिच्यातून कडक झालेलं, मिठानं पांढरं पडलेलं कातडं निघालं, त्यावर डाग. "घोडी लढाईत पडली, हे आपणच लिहून दिलंत, किंमतही घेतलीत. वर हा बसला होता, असंही लिहून दिलंत. आता हा म्हणतो की नव्हता. खोटं तेव्हा बोलला की आज बोलतोय, हे मी कशावरून ठरवू? दत्तोबा, पुरावा काय?"

दत्तोबानं दातानं बंडीची गाठ सोडली. एका हातानं बंडी काढणं सोपं नसतं, पण कुणी मदत केली नाही. मग तो फिरला.

डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत बोटभर रुंद, गाठीगाठींचा, जांभळट व्रण होता.

दिगंबरपंत उठून मागं आले. त्यांनी लेखणीचं टोक व्रणावरून, अंगाला न लावता, वरून खाली फिरवलं.

"वरचं टोक खोल, खाली उथळ. म्हणजे वार उंचावरून, वाकून झाला, आणि मागून. हैबतराव, आपण लढाया पाहिल्यात. निदान टेकडीवरून पाहिल्यात. घोडीवर बसलेल्या माणसाला उंचावरून कोण मारतो? हत्ती होता का तिथं?"

हैबतरावांनी हातातला विडा चुरगळला.

"नव्हता. म्हणजे हा पायी होता, आणि पळत होता. मग घोडी पडली तेव्हा वर कोण होतं? पुण्यातून भूत तर आलं नसेल."

हैबतरावांनी कट्यारीला हात घातला आणि दत्तोबाच्या उघड्या पाठीवर धावून आले. दत्तोबाला ते दिसलंच नाही. मैनेला दिसलं. तिनं वहाण टाकली आणि हैबतरावांच्या पायांवर झेप घेऊन दोन्ही हातांनी एक पाय मिठीत धरला. हैबतराव तोंडावर आपटले, कट्यार गालीच्यात रुतली, आणि पहाऱ्यावरच्यांनी त्यांना दाबून धरलं. एकानं मुठीवर टाच दिली. बोटं मोडल्याचा आवाज आला. मैना तरी पाय सोडेना.

"सोडा आता, बाई," दिगंबरपंत म्हणाले.

दत्तोबा वळून बघत होता. तिच्या हातांकडं, त्या धरलेल्या पायाकडं.

"सर्ज्या मला तेच म्हणाला व्हता," तो म्हणाला. त्याचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. "निदान एकाचा पाय तरी धर, म्हणाला. म्या धरला न्हाय."

दिगंबरपंतांनी तेही लिहून घेतलं. मग विचारलं, "आपली जखमेची नेमणूक यानं बंद होईल, हे ठाऊक आहे ना? पळताना झालेल्या जखमेला सरकार पैसे देत नाही."

"ठाऊक हाय."

"मग निशाणी करा."

वाटेत मैना त्याच्या दहा पावलं पुढं चालली.

हुकूम आला तो घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. शकूच्या नावे बालपरवेशी, लग्न होईपर्यंत. फरारी हा शेरा खोडून 'सरकारकामी पडले' असं लिहिलं. हैबतरावांकडून थकलेला पगार वसूल, आणि पथक दुसऱ्याकडं. तिरळा वाचला, पण त्याला पुढं घंटेचा आवाज सहन होईना. जाड्याचा एक डोळा गेला. भैरूचं पातेलं कुणी भाताला मागेना.

हुकमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी हौदावर. न्हावी वाटी, वस्तरा घेऊन बसलेला. भैरूनं झोळीत अडकवलेला हात मिरवीत आरोळी दिली, "या हो, या! मिशीचा गोंधळ!"

दत्तोबा आला. अंगात बंडी नव्हती.

गलका होता तो बसला. पाठ सगळ्यांनी पाहिली. दीड वर्ष 'समोरासमोर' ऐकलेल्या माणसांना ती वाचायला कारकून लागला नाही. मुक्ताबाईनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

"पळालो व्हतो," दत्तोबा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता भादर."

न्हाव्यानं जळकी, डावी बाजू घेतली. वस्तरा दोनदा फिरला आणि अर्धी मिशी पाण्यात पडली. एका बाजूला पिळदार, दुसऱ्या बाजूला सोललेल्या कांद्यासारखं. भैरू आधी फसकन हसला, मग सगळी आळी. दत्तोबाही हसला, आणि कसब्याच्या गणपतीकडं निघायला उठला.

"थांबा, भाऊजी," मैना म्हणाली.

ती घागर खाली ठेवून पुढं आली. हसणं थांबलं.

"ही अर्धी भैरूदादाची. पैजेची. माझं येणं बाकी राहिलं." तिनं उरलेल्या बाजूकडं बोट केलं. "ती अर्धी त्या पायाची."

दत्तोबानं तिच्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर उंबऱ्याची खूण अजून ताजी होती. तो परत बसला आणि त्यानं मान वर केली.

न्हाव्यानं वस्तरा उचलला, अंगठ्यावर लावून पाहिला. "बोथट झालाय," तो म्हणाला. "दगडावर घासून घेऊ?"

"नको," दत्तोबा म्हणाला. "हाय तसाच चालव."